गडचिरोली जिल्हा: बदली झालेल्यांचे, फिरायला येणाऱ्यांचे आणि नुसत्या चौकशीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आरमोरीचा. नोकरीपायी नऊ वर्षं अहेरी, भामरागड बाजूला काढली, आता परत वैनगंगेच्या काठाला आलोय. पुण्याचे नातेवाईक, मित्रांचे मित्र, नवीन ऑर्डर हातात पडलेली पोरं, सगळे तेच तेच विचारतात आणि फोनवर सांगून सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. लिंक पाठवली की माझं काम संपलं.

जिल्हा किती मोठा आहे आणि लोक किती?

१४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोक १० लाख ७२ हजार ९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं, आणि तेव्हा राज्याची सरासरी होती ३६५. आकड्यांनी डोक्यात काही उतरत नाही हे मलाही मान्य, म्हणून असं बघा: पुणे जिल्हा आमच्यापेक्षा थोडासाच मोठा आहे पण तिथं लोक जवळपास नऊपट. किंवा गोवा घ्या, आमच्या जिल्ह्यात जवळजवळ चार गोवे बसतील, आणि तरी एकट्या गोव्याची लोकसंख्या आमच्यापेक्षा जास्त.

तालुके बारा. त्यातल्या भामरागड तालुक्याची लोकसंख्या तेव्हा चाळीस हजारांच्या आतच होती. पुण्यातल्या दोन-तीन मोठ्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप एकत्र केले तर अर्धा तालुका तिथंच होईल.

म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा?

नाही, तो मान सिंधुदुर्गाचा, साडेआठ लाखांच्या आसपास. पण सिंधुदुर्ग आकारानेच लहान आहे. सगळ्यात विरळ वस्ती आमची. क्विझमध्ये हा प्रश्न हमखास चुकतो.

जिल्हा कधी झाला?

२६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर तोडून. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर ऑफिसचं काम असलं की चंद्रपूर गाठावं लागायचं. आमच्या घरची म्हातारी माणसं अजून चंद्रपूरला 'चांदा' म्हणतात आणि जिल्ह्याच्या कामाला जाणं म्हणजे 'चांद्याले जाणं', मग भले काम गडचिरोलीत असो.

जुनं काही वाचायचं असेल तर बाबुराव शेडमाके हे नाव लक्षात ठेवा. अहेरी भागातले गोंड जमीनदार, १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या जेलात फाशी गेले. शाळेच्या पुस्तकात १८५७ म्हटलं की झाशी, मेरठ, कानपूर, आणि आमच्या पोरांना आपल्याच जिल्ह्याचा माणूस मोठेपणी कळतो, हे मला आजही खटकतं.

एवढी जागा रिकामी पडलीये, मग तिथं काही करत का नाहीत?

हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी येतो आणि विचारणारा बहुतेक बिल्डर नसतो, साधा चांगला माणूस असतो. रिकामी नाही हो. जिल्ह्याच्या साधारण तीन चतुर्थांश जमिनीवर जंगल आहे आणि त्या जंगलातला मोहाचा एकेक झाड कोणाच्या घरचा हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कुठला नाला कुठल्या गावाचा, बांबू कोणी कुठून तोडायचा, देवाची जागा कुठली, सगळं ठरलेलं असतं. फक्त त्याला कंपाउंड नसतं म्हणून बाहेरच्याला दिसत नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ऐकलं असेल. 'दिल्ली मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार', म्हणजे दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, सुमारे १,८०० हेक्टर जंगल. पण हक्काचा कागद हातात असूनही बांबू बाहेर विकायला वाहतूक पास पाहिजे आणि तो द्यायचा कोणी यावर बरंच रामायण झालं, शेवटी २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. शंभर-सव्वाशे घरांचं सुद्धा नसलेलं गाव. रिकाम्या जागेत असं काही होत नाही.

नागपूरहून गडचिरोली किती लांब?

पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने साडेतीन-चार तास. पण हे विचारणाऱ्याला वाटतं की गडचिरोली आली म्हणजे जिल्हा आला. तसं नाही. जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलाय. गडचिरोलीहून अहेरी अजून शंभर-सव्वाशे, भामरागड पावणेदोनशेच्या पुढे, सिरोंचा दोनशेच्या वर. म्हणजे नागपूरहून गडचिरोलीला जेवढं आलात तेवढं किंवा त्याहून जास्त अजून जायचंय. सिरोंच्याच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा तेलंगणातले दवाखाने आणि कापड दुकानं जवळची वाटतात, प्राणहितेवर पूल झाल्यापासून तर जास्तच.

इथं किलोमीटर विचारूच नका, वेळ विचारा आणि कुठल्या महिन्यात ते सांगा. मे महिन्यात दोन तास लागणारा रस्ता ऑगस्टमध्ये दोन दिवसांचा होऊ शकतो, ही अतिशयोक्ती नाही.

रेल्वे?

वडसा (देसाईगंज). गोंदिया-बल्लारशा लाइनवर. बारा तालुक्यांत स्टेशन म्हणावं असं आजवर हेच एक. वडसा-गडचिरोली नवीन लाइनचं काम चालू आहे, मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. विमानाने यायचं तर नागपूर.

एसटी असते का?

असते, आणि खरं सांगायचं तर जिल्हा तिच्यावरच चालतो. लांबच्या गावांना 'मुक्कामी गाडी' असते, म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. ती चुकली की दुसऱ्या दिवशीपर्यंत बसा. त्या पहाटेच्या गाडीत काय नसतं, कॉलेजची पोरं, तालुक्याला तारखेला निघालेले म्हातारे, टोपलीत कोंबडे, कोणाच्या तरी सासरी चाललेलं तांदळाचं पोतं, आणि पेशंट, पेशंट तर असतोच. २०२५ च्या एक जानेवारीला एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याने स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी गेली, मुख्यमंत्र्यांनी झेंडा दाखवला. शहरात कोणाला बातमी वाटली नसेल. आमच्या ग्रुपवर दिवसभर तोच व्हिडिओ फिरत होता.

एसटी नाही तिथं काळी-पिवळी. ती 'भरली की निघते'. भरली कधी म्हणायची हे ड्रायव्हर ठरवतो.

पावसाळ्यात खरंच संपर्क तुटतो का, की पेपरवाले वाढवून लिहितात?

तुटतो. पश्चिमेला वैनगंगा, तिला वर्धा मिळाली की पुढं प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती, आणि मध्ये नाले मोजायचे तर आठवडा जाईल. सीमा बहुतेक नद्यांनीच आखलेली. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम अशा तीन नद्या एका जागी येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढं जात नाही, उलटं मागं चढतं, आणि पूल खाली. गावातली बाजारपेठ पाण्यात जाणं हे जवळपास दर वर्षाचं. आता उंच पुलाचं काम काढलंय.

मी स्वतः एकदा अलीकडच्या बाजूला तीन रात्री अडकलो होतो. एका ओळखीच्या मास्तरच्या खोलीवर आम्ही सात जण, त्यात एक औषधाच्या खोक्यांसोबत असलेला पोरगा आणि एक नवरदेवाचा मामा ज्याचं लग्न पलीकडं होतं (म्हणजे भाच्याचं). रोज सकाळी सगळे पुलाकडं जाऊन बघायचे. पुलाच्या कठड्याच्या खांबावर कोणीतरी चुन्याने रेघ मारून ठेवलेली, रेघ दिसली तर पाणी उतरतंय. दुसऱ्या दिवशी रेघ दिसलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अर्धी दिसली तर मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निघायला लागला, चार जणांनी धरून बसवला. लग्न मामाशिवायच लागलं हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

दक्षिणेकडं वेगळंच दुखणं आहे. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डा बॅरेज बांधलं, त्याचं मागचं पाणी आमच्या बाजूच्या शेतात येतं अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बॅरेजचे खांबच खचले. पाणी त्यांना, पूर आम्हाला, असं तिकडचे लोक म्हणतात, आणि मोबदल्याच्या खेपा वेगळ्या.

भाषा कुठली? मराठी चालेल ना?

चालेल, पण कुठं आहात त्यावर. वडसा, आरमोरी, कुरखेडा इकडं झाडीबोली. आमच्यात 'ण' नाही, सरळ 'न'. पानी, लोनी, कोन. पुण्याच्या माणसाने हसायचं नाही, आम्ही पण तुमच्या 'अय्या'ला हसत नाही. (हसतो, पण मागून.) अहेरीपासून खाली तेलुगू मिसळायला लागतं, सिरोंच्यात दुकानावरच्या पाट्याही तेलुगूत. पूर्वेला एटापल्ली, भामरागड म्हणजे माडिया, तिथल्या माडिया आदिवासींची बोली. कोरची, कुरखेड्याच्या टोकाला छत्तीसगडी. आणि मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसवलं होतं, ती गावं बंगाली, तिथं दुर्गापूजा बघा एकदा, आणि मासळीचा बाजार.

नवीन मास्तर माडिया गावात पहिलीच्या वर्गाला 'हे काय आहे?' म्हणून झाडाचं चित्र दाखवतो आणि पोरं गप्प. पोरांना झाडं मास्तरपेक्षा दसपट जास्त माहीत असतात. शब्द वेगळा आहे इतकंच.

नक्षलवाद आहे ना? सेफ आहे का?

सगळ्यात पहिले हाच प्रश्न येतो, मी मुद्दाम खाली ठेवला.

होता, आणि खूप होता. १९८० पासून. २००९ साल आठवलं तरी अंगावर येतं, मर्केगाव, हत्तीगोटा, लाहेरी, एका वर्षात तीन मोठे हल्ले आणि प्रत्येक वेळी पंधरा-सोळा-सतरा पोलीस गेले. त्यातली कितीतरी पोरं इथलीच, आदिवासीच. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याचा स्फोट. दुसरीकडं चकमकी, आणि मधल्या मध्ये गावकरी, रात्री हे येऊन जेवण मागणार आणि सकाळी ते येऊन विचारणार की जेवण का दिलं.

आता चित्र बरंच बदललंय. २०२५ च्या जानेवारीत तारक्का आणि ऑक्टोबरात साठेक साथीदारांसोबत भूपती, असे नक्षल्यांचे मोठे नेते गडचिरोलीत शरण आले. मी कोणाला सर्टिफिकेट देणार नाही, पण फिरायला येताय तर मुख्य रस्त्याने या, आतल्या गावात ओळखीचा माणूस सोबत घ्या, अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा, आणि पोलीस मदत केंद्राचे, कॅम्पचे फोटो काढत बसू नका. बाकी तुम्हाला नक्षलवादी भेटण्यापेक्षा रस्त्यात म्हैस आडवी येण्याची शक्यता जास्त.

मग भीती कशाची?

उत्तरेकडच्या गावांना विचाराल तर वाघाची. वडसा, आरमोरी, गडचिरोली पट्ट्यात गेल्या काही वर्षांत माणसं मारली गेली. सरपणाला, मोहफुलं वेचायला जंगलात जावंच लागतं, घरी बसून चालत नाही, आणि वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला मागून जनावरासारखीच दिसते म्हणतात. सीटी-१ नावाच्या वाघाने तेरा जण मारले होते, २०२२ च्या ऑक्टोबरात धरला. त्या दिवसांत आमच्या गावात सात नंतर गल्लीत कुत्रं दिसायचं नाही. वर २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप येऊन बसला, धान काढायच्या ऐन वेळेला.

आणि मलेरिया. हा विनोदात घालवू नका. ताप आला की रक्त तपासा, 'बघू उद्या' करू नका.

लोक पोटाला काय करतात?

धान. एक पीक, पावसावर. पण घरात नगद पैसा येतो तो जंगलातून आणि मिरचीतून.

मार्च-एप्रिलला मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. तेंदूचं काम पंधरा-वीस दिवसांचं पण घरातलं लहान-मोठं कोणी सुटत नाही. पहाटे चारला जंगलात, ऊन चढायच्या आत ओझं घेऊन घरी, मग पडवीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, वर-खाली पानं नीट, मधलं फाटकं चालतं. दुपारनंतर ते पुडे 'फळी'वर. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथं पुडे ओळीने जमिनीवर मांडतात, मोजणारा काठी घेऊन ओळीतून फिरतो आणि खराब वाटला तो पुडा काठीनेच बाजूला सारतो. त्या काठीकडं बायकांचे डोळे लागलेले असतात. आधी हा सगळा कारभार ठेकेदाराचा होता, पेसा कायद्यानंतर (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणारा कायदा) बऱ्याच ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. काही गावांनी चांगले पैसे केले, काही फसली, दोन्ही ऐकलंय.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात. पिकअपमध्ये उभ्याने. मजुरी बऱ्याचदा मिरचीच्याच रूपात, मग ती पोती घरी आणून विकायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यातले कितीतरी लोक तिथून चालत आले, नदी ओलांडून. त्या वर्षी आमच्याकडच्या शाळांमध्ये पोरं नाही, परतलेले मजूर मुक्कामाला होते.

सुरजागडची खाण चांगली की वाईट?

माझ्याच घरात दोन मतं आहेत. लोहखनिज उत्तम दर्जाचं आहे, पोरांना काम मिळालं, बाइकी आल्या, पक्की घरं झाली. आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेवाची जागा आहे जिथं आजूबाजूच्या गावांची जत्रा भरते, ट्रकांनी रस्त्याची दशा काय झाली ते आलापल्लीकडून जाल तेव्हा पाठीला कळेल, आणि डोंगर एकदा खाल्ला की परत उगवत नाही. मला विचाराल तर काम पाहिजे, पण ग्रामसभेला आधी विचारायला पाहिजे होतं, कागदावर नाही, खरोखर.

दवाखान्याची सोय?

तालुक्याला ग्रामीण रुग्णालय, मोठं काही झालं की गडचिरोली, तिथून बरेचदा नागपूर. अंतर वर दिलंय, हिशेब तुम्हीच करा.

पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते की दवाखान्याच्या बाबतीत या जिल्ह्याने जगाला शिकवलंय. हेमलकसा तर माहीतच आहे, १९७३ ला बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, २००८ चा मॅगसेसे. दुसरं धानोरा रोडवरचं शोधग्राम, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, १९८६ पासून. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला लावली, गावागावात 'आरोग्यदूत', आणि नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभर आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन करतात त्या पद्धतीचं मूळ इथल्या खेड्यांत आहे. कारण साधं होतं, बाळाला दवाखान्यात न्यायला रस्ताच नव्हता.

माझी बदली झाली. शिक्षा आहे का ही?

ऑफिसवाले तशीच समजतात. 'गडचिरोलीला पाठवीन' ही धमकी मी स्वतः मंत्रालयाच्या कँटीनमध्ये ऐकली आणि चहा तसाच ठेवून उठलो. आम्ही इथं जन्मलो राजेहो, आम्ही कोणता गुन्हा केला?

एकस्तर वेतनश्रेणी (म्हणजे एक पायरी वरचा पगार) मिळते, भत्ता मिळतो, तीन वर्षं झाली की विनंती बदलीला जोर येतो. हे सगळं बघूनच बरेच येतात आणि पहिल्या दिवसापासून दिवस मोजतात. जे मोजत नाहीत त्यांना गावाकडून एवढं मिळतं की निघताना रडतात, मी पाहिलंय. खोली बघताना पाणी आणि छप्पर बघा, नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात येतं ते शेजारच्या पोराला विचारा.

दारू?

१९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती वरून लादलेली नाही, गावागावातल्या बायकांनी आंदोलन करून आणलेली. मिळत नाही का? मी काही बोलत नाही. सोबत आणू नका एवढंच.

बघायला काय आहे?

मार्कंडा. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, काठावर कोरीव देवळं, महाशिवरात्रीला मोठी जत्रा. कमलापूरचा हत्ती कॅम्प, हत्तींची आंघोळ बघायला सकाळी जा. सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते, तिथं नुसतं बसा.

आणि सिरोंचा भाग डायनासोरचा! कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारापासॉरस टागोराई नावाचा भला मोठा सांगाडा उभा आहे, त्याची हाडं सिरोंचा भागातल्या पोचमपल्लीकडची. बारा-पा म्हणजे बंगालीत मोठा पाय. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास खोदला म्हणून टागोराई. पाय आमचा, नाव टागोरांचं, मुक्काम कोलकात्यात. वडधमला फॉसिल पार्क आहे, झाडांचे दगड झालेले ओंडके बघायला मिळतात, फार सजावटीची अपेक्षा ठेवू नका.

झाडीपट्टीचं नाटक बघायचंय, कसं बघू?

हे विचारलंत, बरं वाटलं. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा आमचा हा जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली की सुरू, होळीपर्यंत. गावात दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (भाजीची नव्हे, जत्रा) आणि रात्री नाटक. कंपन्यांची ऑफिसं वडशाला, एका लाइनीत, बाहेर पोस्टरं. तिथूनच गावं तारखा बुक करतात. यातलेच परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाटक दहाला म्हणतात, पडदा अकराला, संपतं पहाटे. मध्ये गाणी, लावणी, विनोदी पात्र. ज्याच्या गावात नाटक त्याच्या घरी पाहुणे, लेकी माहेरी येतात, सोयरिकी तिथंच जमतात. तिकीट काढून आत जा, घोंगडी सोबत न्या, थंडी हाडात शिरते. आणि 'हे काय मेलोड्रामा' वगैरे शेजाऱ्याला ऐकू जाईल असं बोलू नका, तो दरवर्षी धान विकून चार नाटकं बघतो, त्याला तुमच्यापेक्षा कळतं.

कोणता महिना चांगला?

डिसेंबर, जानेवारी.

जेवणात काय खाऊ?

भात. पावसाळ्यात आलात तर सात्या आणि वास्ते. सात्या म्हणजे रानातली अळंबी, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. लाखोळीच्या डाळीचे वडे. भामरागडकडं कोणी लाल मुंग्यांची चटणी पुढं केली तर तोंड वाकडं करायच्या आधी एकदा चाखा, आंबट लागते, लिंबासारखी.

परत जाताना काय नेऊ?

चारोळी, मध, बांबूच्या वस्तू, मोहफुलांचे लाडू. सुकी मोहफुलं न्यायची असतील तर घट्ट झाकणाचा डबा घ्या. माझ्या साळ्याने पिशवीतच बांधून नेली होती, बसमध्ये उन्हाने वास सुटला आणि मागच्या सीटवरची आजी वडशापर्यंत त्याला सांगत होती, "बापू, सोड आता. लेकराबाळाचा मानूस दिसतोस."